विडीचा दम : सवय लागली कशी, सुटते कशी



या पानावर आपण आजवर रक्तदाब, मधुमेह, पावसाळ्यातील लेप्टो, बांदा-दोडामार्ग भागातील माकडताप अशा बऱ्याच विषयांवर बोललो. विडी-सिगारेटवर लिहायचे मात्र आम्ही टाळत आलो. कारण लपवण्यासारखे नाही. आम्ही स्वतः २१ वर्षे सिगारेट ओढली, तीही शिक्षकाच्या खुर्चीत बसून. ज्याने स्वतः चूक केली त्याने दुसऱ्याला काय सांगावे, असा संकोच होता. पण मागच्या वैशाख पौर्णिमेला विहारात वंदना चालू असताना मागच्या रांगेतून तीन जण एकामागून एक उठले, बाहेर फणसाखाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी विड्या पेटवल्या. तिघेही आमच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान. एकाला आम्ही पहिलीत मुळाक्षरे शिकवली होती. त्या दिवशी ठरवले की आता लिहायचेच.

आधी ही सवय आपल्या वाड्यांत शिरली कशी ते पाहू. 'सोडा, वाईट आहे' एवढे सांगून कोणी सोडत नाही. आम्हीही सोडली नव्हती.

बांधावरची विडी

आमच्या आजोबांच्या कमरेला चंची असे. एका कप्प्यात तंबाखू, एकात चुन्याची डबी, एकात सुकवलेली पाने. आपट्याचे किंवा कुड्याचे पान घ्यायचे, त्यात तंबाखूचा चुरा भरायचा, पान वळायचे आणि चुलीतल्या कोलिताने पेटवायचे. दुकानातली टेंभुर्णीच्या पानाची, दोऱ्याने बांधलेली विडी कट्ट्याने मिळू लागली ती पुढे. तिच्यातली तंबाखू निपाणी किंवा गुजरातकडची, पान विदर्भ-मध्य प्रदेशच्या जंगलातले आणि ती वळणारे हात बहुतेक बायकांचे, तेही आपल्यासारख्याच गरीब घरांतल्या.

आजोबा खोताच्या शेतावर राबत. लावणीला माणसे सकाळी चिखलात उतरली की दुपारच्या पेजेपर्यंत कंबर सरळ करायची सोय नसे. उगीच बसला तर कामचुकार. पण 'विडी ओढून घेतो' म्हणून बांधावर आला तर कोणी हरकत घेत नसे, कारण देखरेख करणाराही विडी ओढणाराच. म्हणजे विडी ओढणाऱ्याला दिवसातून पाच-सहा वेळा बसायला मिळे आणि न ओढणारा गडी तसाच वाकलेला. आजोबा सांगत की पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यांनी विडी हातात घेतली ती चवीसाठी नव्हे, बसायला मिळावे म्हणून. हे वाक्य आम्हाला फार उशिरा समजले. या लेखात पुढे त्याचे काम पडणार आहे.

आणि ही विडीसुद्धा त्यांना हातात मिळत नसे. कोणी दिलीच तर वरून टाकली जाई. विस्तव मागितला तर कोलीत जमिनीवर ठेवले जाई आणि देणारा मागे सरकला की मग उचलायचे. लोकांनी हे सारे सोसले आणि पुढे धम्मदीक्षेनंतर वाडीने पुष्कळ गोष्टी टाकल्या. घरातले देव गेले, अंगात येणे गेले, दारूही बऱ्याच घरांतून गेली. विडी राहिली. ती कोणाला खटकलीच नाही.

आजही कोणी म्हणते, 'पाचव्या शीलात दारू आहे, विडी कुठे आहे?' खरे आहे. शीलात तंबाखूचे नाव नाही, आणि ते असणार कसे? तंबाखू ही अमेरिका खंडातली वनस्पती. ती भारतात आणली पोर्तुगीजांनी, बुद्धानंतर दोन हजार वर्षांनी. त्यांचे ठाणे आपल्या शेजारच्या गोव्यातच होते. त्यामुळे विडी ओढणाऱ्याने शील मोडले, असे आम्ही म्हणणार नाही. विडीने माणूस झिंगत नाही, बायकोला मारत नाही. पण जी वस्तू माणसाला वंदनेतून उठवून फणसाखाली नेते, तिची पकड किती घट्ट असेल याचा विचार शील घेणाऱ्याने करायला हरकत नाही.

गिरणीतला तंबाखू, खिशातले पाकीट

आमचे वडील मुंबईला गिरणीत होते. गिरणीच्या खात्यात विडी पेटवायला सक्त मनाई, कारण चहूकडे कापूस. एका ठिणगीने खाते जळायचे. मग विडीवाले कामगार संडासात जाऊन दोन झुरके मारत आणि यंत्राजवळ असताना दाढेखाली तंबाखू-चुना ठेवत. वडिलांना दोन्ही सवयी लागल्या त्या अशा: आत तंबाखू, बाहेर विडी. मनाई होती ती मालाच्या काळजीने. त्याच खात्यात कामगाराच्या छातीत कापसाची धूळ जात होती, तिची काळजी करणारा कोणी नव्हता.

त्या काळी मुंबईहून मालवण-वेंगुर्ल्याला बोटीने यावे लागे. किनाऱ्याजवळ बोट उभी राहायची आणि होडीने उतरायचे. डेकवर माणूस जेवढा, धूर तेवढा. लहान मुले, बाळंतीण, आजारी माणूस, कोणी कोणाला 'विझव' म्हणत नसे. एसटीत पाटी होती, पण पाटीखालीच विडी पेटे. चाकरमानी गावी आला की त्याच्या टेरिलिनच्या शर्टाच्या खिशातून सिगारेटचे पाकीट बाहेरून दिसले पाहिजे, अशी रीत होती. पाकिटावरून माणूस ओळखायचा. चारमिनारवाला एक, पनामावाला त्याहून जरा वरचा, गोल्ड फ्लेकवाला साहेब. मुंबईहून आलेल्याने वाडीतल्या चार जणांना एकेक सिगारेट दिली की तो मोठा झाला. ज्यांच्या बापांना विडी वरून टाकलेली मिळाली, त्यांना कोणीतरी पाकीट पुढे करून 'घ्या' म्हणतो, याचे केवढे अप्रूप! आम्हीही त्यातलेच.

सिनेमातही तेच. देव आनंदचा 'हम दोनो' १९६१ सालचा. त्यातला लायटर आठवत नाही असा त्या पिढीतला माणूस विरळा. पुढे क्रिकेटही सिगारेटच्या नावावर चालू लागले. १९९६ च्या विश्वचषकाचे नावच विल्स. मुले सामना बघत होती आणि नाव सिगारेटचे पाठ करत होती.

आम्ही १९७८ साली शिक्षक झालो. शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही तिघे शिक्षक वर्गाच्या पडवीत उभे राहून सिगारेट ओढत असू. संपली की चौथीतल्या एखाद्या चुणचुणीत मुलाला पैसे देऊन दुकानावर पाठवायचे. 'काडीपण घेऊन ये रे.' वारा असला की तोच मुलगा ओंजळ करून काडी धरी. यात काही गैर आहे असे त्याच्या आईबापांना वाटत नव्हते, आम्हालाही नव्हते. उलट गुरुजी आपल्याला काम सांगतात, याचा त्याला अभिमान. तो मुलगा पुढे पंचविशीत आम्हाला कुडाळच्या स्टँडवर भेटला. हातात सिगारेट. आम्ही तोवर सोडली होती, म्हणून मोठेपणाने म्हणालो, 'अरे, कशाला ओढतोस?' तो हसला. म्हणाला, 'गुरुजी, पयली काडी तुमच्यासाठीच पेटवलेलंय.' रागाने नाही म्हणाला, आणि म्हणूनच ते जास्त लागले.

इशारा कोणासाठी होता?

धूम्रपानाने फुफ्फुसाचा कर्करोग होतो, हे इंग्लंड-अमेरिकेतील डॉक्टरांनी १९५० साली आकडेवारीनिशी दाखवले होते. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला आणि जगभर त्याची चर्चा झाली. भारतात १९७५ साली कायदा झाला आणि पाकिटावर वैधानिक इशारा आला. पण नीट पाहा: तो कायदा फक्त सिगारेटसाठी होता. विडीसाठी नव्हता. इशारा बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत. म्हणजे साहेबाला सांगितले, मजुराला नाही. २००३ चा कायदा सर्व तंबाखूजन्य पदार्थांना लागू झाला आणि ३१ मे २००९ पासून विडीच्या कट्ट्यावरही चित्रासह इशारा आला. १९७५ ते २००९ ही ३४ वर्षे झाली. आमच्या वडिलांचे अर्धे विडीचे आयुष्य त्यातच गेले.

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यावर नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयाने दवाखाने, शाळा, वाचनालये, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई करण्याचा आदेश दिला. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे, दंड २०० रुपयांपर्यंत. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे गुन्हा आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणेही. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी विडी-सिगारेट विकण्यासही बंदी आहे. आता बाजारात काय चालते ते आपण बघतोच. पण मुलाला दुकानावर पाठवणे तर आपल्या हातात आहे ना?

विडी 'हलकी' हा गैरसमज

पुष्कळ जण म्हणतात, सिगारेट वाईट, विडी आपली पानाची, हलकी. तसे नाही. विडीचे पान सिगारेटच्या कागदासारखे सहज जळत नाही, ओढायचे थांबले की ती विझते. म्हणून ती जास्त वेळा आणि जास्त जोराने ओढावी लागते. तिला फिल्टर नसतो (फिल्टरनेही फारसे वाचत नाही, ही गोष्ट वेगळी). परिणामी निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरपूर आत जातो. मुंबईत १९९० च्या दशकात ३५ वर्षांवरील एक लाखाहून अधिक माणसांची नोंद करून त्यांच्यावर पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यात विडी ओढणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षाही जास्त निघाले.

आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे क्षय. धुराने श्वासनलिकेची स्वतःची साफसफाईची व्यवस्था बिघडते आणि जंतूंना वाव मिळतो. तामिळनाडूतील एका मोठ्या अभ्यासात, जो २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत क्षयाने मरण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट दिसले. एका खोलीत पाच-सहा माणसे झोपणाऱ्या घरात हा आकडा केवळ एकट्या माणसाचा राहत नाही. त्याशिवाय हृदयविकार, पक्षाघात, तोंडाचा, घशाचा आणि फुफ्फुसाचा कर्करोग आहेतच. आणखी एक रोग आपल्याकडे दिसतो, पण लोक त्याचा विडीशी संबंध जोडत नाहीत. तिशी-चाळिशीतल्या विडीवाल्याच्या पायाच्या बोटांचा रक्तपुरवठा बंद होत जातो. चालताना पोटरी दुखते, बोट थंड पडते, मग काळे पडते आणि कापावे लागते. यावर पहिला उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला एक विडी चालू ठेवली तरी रोग पुढे सरकतो.

वडिलांनी आमच्या आधी सोडली

१९८२ च्या संपानंतर वडील गावी आले ते कायमचे. विडी चालूच. १९९३ साली त्यांना क्षय झाला. औषधाचा पूर्ण क्रम त्यांनी घेतला, जंतू गेले, पण दम राहिला. डॉक्टरांनी विडी सोडायला सांगितले तेव्हा म्हणाले, 'आता ह्या वयात सोडून काय उपेग? जावचा होता ता गेला.' त्यांचे वय तेव्हा ६३. आम्ही समजावायला गेलो तर आमच्या खिशातल्या पाकिटाकडे बघून गप्प बसले. बोलायचे काही उरले नाही.

त्यांनी सोडली ती वेगळ्याच कारणाने. आमचे विहार घाटीवर आहे, साठ-सत्तर पायऱ्या. त्या १४ एप्रिलला ते अर्ध्या वाटेवर बसले. पोरांनी खुर्ची आणली, चौघांनी उचलून वर नेले. ज्या माणसाने तरुणपणी त्या पायऱ्यांचा चिरा डोक्यावर वाहून आणला होता, त्याला खुर्चीतून नेले. घरी येऊन त्यांनी कट्टा चुलीत टाकला. चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत, ताटावरून उठले, रात्री अंगणात फेऱ्या मारल्या. तिसऱ्या आठवड्यापासून माणूस हळूहळू ताळ्यावर आला. खराब झालेले फुफ्फुस परत आले नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण जो दम दर वर्षी वाढत होता तो वाढायचा थांबला. पुढच्या वर्षी दोनदा बसत बसत का होईना, ते घाटी चढून गेले. त्यानंतर ११ वर्षे जगले. आणि या सगळ्या काळात पहिली सहा वर्षे आम्ही मागील दारी उभे राहून सिगारेट ओढत होतो!

आईची गोष्ट निराळी. ती मशेरी लावे, दिवसातून चार वेळा. तव्यावर तंबाखू भाजली की शेजारच्या तीन घरांना ठसका. २००१ साली तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. तोवर आमची सिगारेट सुटून दोन वर्षे झाली होती, म्हणून आवाजात जोर होता. तर ती म्हणाली, 'तुजी शिगरेट इतकी वर्सा चल्ली, आणि माजी मशेरी तेवडी वायट?' बरोबरच बोलली. आपल्याकडे पुरुषाच्या विडीला 'थकला-भागला' म्हणतात आणि बाईच्या मशेरीला 'घाण सवय'. तीही चुलीपुढून उठून पाच मिनिटे टेकायचे निमित्त म्हणूनच मशेरी घेत असेल, हे कोणी विचारात घेत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १७ टक्के स्त्रिया तंबाखू वापरतात असे दिसले, आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया केवळ १.४ टक्के. बाकी सगळी मशेरी आणि खाण्याची तंबाखू. डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा तपासला, कर्करोग नव्हता, पण पुढे होऊ शकतो म्हणाले. तिने मशेरी सोडली आणि आठ-नऊ महिन्यांत चट्टा बहुतेक मावळला. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट न सोसणे, तोंड कमी उघडणे, यातले काही असेल तर दाखवायला उशीर करू नका.

सोडताना काय होते

निकोटीन झुरक्यानंतर दहा-पंधरा सेकंदांत मेंदूपर्यंत जाते आणि थोडा वेळ बरे वाटते. दोन तासांत रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागतो. विडीने शांत वाटते असे आपण म्हणतो, पण ती अस्वस्थता आधीच्या विडीनेच आणलेली असते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत विडी लागत असेल तर सवय खोल आहे असे समजावे. अशा माणसाने एकट्याने झगडत बसण्यापेक्षा डॉक्टरांची मदत घ्यावी.

सोडल्यावर त्रास होतो, तो लपवून उपयोग नाही. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, झोप न लागणे, लक्ष न लागणे, सारखी भूक. मग ओसरत जाते आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचे जाते. प्रत्येक तलफ मात्र तीन ते पाच मिनिटांचीच असते. ती आली की वाढते, शिगेला जाते आणि आपोआप उतरते, ओढली तरी आणि न ओढली तरी. ज्यांना आनापानाचा सराव आहे त्यांनी नेमक्या त्या पाच मिनिटांत श्वासावर लक्ष ठेवून बघावे. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात तंबाखूला परवानगी नसते. तिथे जाऊन आलेले आमचे दोन मित्र तिथूनच सोडून आले. शिबिराला जाणे सर्वांना जमत नाही, पण पाच मिनिटे कुठेही काढता येतात.

आम्ही दोनदा हरलो. पहिल्यांदा कमी करत आणायचे ठरवले: दहाच्या आठ, आठाच्या पाच, पाचाच्या तीन. तीनवर आल्यावर दिवसभर त्या तीनचीच वाट पाहत बसलो. महिन्यात पुन्हा दहा. दुसऱ्यांदा भीमजयंतीला सर्वांसमोर शपथ घेतली. अकराव्या दिवशी एका लग्नात एकाने पुढे केली, 'एकाने काय होते?' एकाने सगळेच झाले. आणि सर्वांसमोर शपथ मोडल्याची लाज अशी की पुढची चार वर्षे प्रयत्नच केला नाही. म्हणून आमचे मत असे की शपथेचा गाजावाजा नको. घरात सांगा, दोन मित्रांना सांगा, बस.

तिसऱ्या खेपेला, १९९९ साली, आम्ही आजोबांचे ते वाक्य आठवले. आपल्याला सिगारेट कधी लागते ते आठवडाभर वहीत लिहिले. निम्म्या वेळा उत्तर एकच: काम थांबवून जरा बाहेर जायचे होते. मग ठरवले, बाहेर जायचे, पण खिसा रिकामा. मधल्या सुट्टीत पडवी सोडून विहिरीपर्यंत चालून यायचे. बसायची सुट्टी ठेवली, फक्त धूर काढला. मजुरीवर जाणाऱ्या बांधवांना आम्ही हेच सांगतो. विडी सोडली म्हणून विश्रांती सोडू नका. मुकादमाला सरळ सांगा की पाणी पिऊन येतो. ती पाच मिनिटे तुमच्या हक्काची आहेत, त्यांना विडीचे निमित्त लागता कामा नये.

बाकीचे उपाय साधे आहेत. एक दिवस ठरवा. आदल्या रात्री कट्टा, पाकीट, काडेपेटी, राखेची वाटी घराबाहेर काढा. चहा आणि सिगारेटची जोडी होती म्हणून आम्ही महिनाभर चहाऐवजी सोलकढी, कधी लिंबूपाणी घेतले. तोंडात ठेवायला आमसुलाचा तुकडा, बडीशेप, लवंग, सुक्या खोबऱ्याची कातळी. सुपारी नको, तीही कर्करोगाला कारण होते. विडी सोडून तंबाखू किंवा मशेरी धरणारे बरेच पाहिले, तोही सौदा खोटा. निकोटीनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळते. ते गोळीसारखे चघळत राहायचे नसते. थोडे चावायचे, चव आली की गालात ठेवायचे, पुन्हा थोडे चावायचे, आणि चहानंतर पंधरा मिनिटे घ्यायचे नाही. गरोदर स्त्रिया आणि नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांनी लिहून दिल्या तरच. ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे, त्या वाटेला जाऊ नका.

मध्येच एखादी ओढली गेली तर 'सगळे संपले' म्हणून कट्टा विकत आणू नका. ती एक होती, एवढेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात.

फायदा कधी दिसतो? शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडी आणि रक्तदाब उतरू लागतात. दोन दिवसांत रक्तातला विषारी वायू जातो आणि चव-वास परत येतात. आम्हाला तर चौथ्या दिवशी बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ लागले, वर्षानुवर्षे लागले नव्हते! वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या सुमारे निम्म्यावर. सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटतो, तो छाती साफ होऊ लागल्याचा असतो. मात्र दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

पैशांचे सांगायला हवे. रोजचे २० रुपये धरले तरी वर्षाचे ७,३०० होतात. मुलीच्या कॉलेजचा एसटी पास, वह्या आणि चष्मा निघून वर काही उरतील.

फणसाखालच्या त्या तिघांपैकी एक परवा घरी आला होता. सोडायची इच्छा आहे म्हणाला, पण अडचण वेगळीच, आणि ती सांगताना लाजत होता. विडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. हसण्यासारखी गोष्ट नाही, पुष्कळ जण याच एका कारणाने पुन्हा ओढू लागतात. निकोटीन आतड्याला चालना देते हे खरे, म्हणून सोडल्यावर काहींना थोडे आठवडे बद्धकोष्ठ होते. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी प्यावे, जेवणात पालेभाजी, कुळीथ, केळी वाढवावी, रात्री इसबगोल घ्यावे आणि रोज ठरलेल्या वेळी जाऊन बसावे, विडी न घेता. तीन-चार आठवड्यांत आतडे आपली जुनी सवय परत धरते. त्याला आम्ही केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्ती सेवेचा क्रमांक लिहून दिला, तो इथेही देतो: १८००-११-२३५६. तो विडीच्या आणि सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते, आणि ते नंतर स्वतःहून फोन करून चौकशीही करतात. वेळ सकाळी ८ ते रात्री ८. सोमवारी बंद असते.